सुतकातला लॅपटॉप

सोमवार, ८ ऑगस्ट

निदियाला माती देऊन आलो. स्मशानात ऊन एवढं होतं की पाद्रीबाबांनी प्रार्थना घाईघाईत उरकली. मला त्यांचा राग आला. मग आपल्यालाही सावलीत जायचंय हे लक्षात आलं आणि स्वतःचा आला.

आयुष्यभर नदीच्या बंधाऱ्यावर बसून पाण्याची पातळी लिहिली. रोज एक ओळ. निवृत्त झालो तरी हात थांबत नाही, म्हणून ही वही. आज मात्र काय लिहायचं सुचत नाही.

घर सध्या कासिल्दाच्या ताब्यात आहे. कासिल्दा म्हणजे निदियाची थोरली बहीण, माझी मेव्हणी. काल प्रेत बैठकीत ठेवल्याबरोबर तिने हुकूम सोडला, की चकाकणारं काही उघडं राहता कामा नये. गेलेला माणूस नऊ दिवस घरातच असतो, आरशात स्वतःला दिसला तर अडकतो. हे मलाही ठाऊक आहे, माझी आई गेली तेव्हा आम्ही असंच केलं होतं. आरशांवर चादरी टाकल्या, टीव्हीचं तोंड भिंतीकडे केलं. कपाटावर निदियाचा लॅपटॉप उघडा होता आणि त्यात काहीतरी उजेड हलत होता. कुणी लावला होता देव जाणे. मी आमच्या लग्नातली जाड चादर चौपदरी करून त्यावर टाकली. आज काढली तर हाताला चटका बसला आणि पडदा काळाठिक्कर. रात्रीतून तीनदा वीज गेली-आली. त्या मेल्या विजेनेच घात केला असणार.

संध्याकाळी यानिरिसचा फोन. पोरगी आठ वर्षं माद्रिदला आहे, परक्यांच्या म्हाताऱ्यांची सेवा करते. तिच्याकडे कागद नाहीत. एकदा तिथून निघाली की परत आत घेणार नाहीत, म्हणून आईच्या मातीलाही येता आलं नाही. फोनवर ती रडली नाही. ती रडली असती तर मलाही काही बोलता आलं असतं.

"पपा, आईचा लॅपटॉप बंद करू नका. नवव्या दिवशी आईच्या फोटोचा देव्हारा उचलतील, आई घरातून जाईल, तेव्हा मला तिथे असायचंय. बाकी काही नको."

"तो काळा झालाय गं," मी म्हणालो.

"वास्करला दाखवा," म्हणाली.

मंगळवार, ९ ऑगस्ट

वास्कर कोपऱ्यावर रेडिओ-मोबाईल दुरुस्त करतो. पोट सुटलंय, पण हात हलका. त्याने वायर काढली, बॅटरी काढली, बटण दाबून धरलं, परत सगळं बसवलं. हिरवा दिवा लागला, आत पंखा फिरला, पडदा मात्र काळाच.

"लिओकाका, हा कशाने झाकला होता का?"

"झाकला होता ना. चांगला चौपदरी. धुळीचा कणसुद्धा गेला नसेल."

"चालू असताना?"

"चालू होता की झोपला होता मला काय माहीत! मयताच्या घरात असलं कोण बघतं?"

तो मान खाली घालून स्क्रू मोजत बसला. हल्लीच्या कारागिरांना काही समजलं नाही की ते असे गप्प बसतात.

जाताना म्हणाला, "जीव आहे काका यात. तोंड तेवढं दिसत नाही. बंद करू नका, मी बघतो काय ते." बॅटरी फुगलीये म्हणून ती काढून घेऊन गेला. आता वायरवरच चालेल.

कासिल्दा परत चादर घेऊन आली. जवळून निरखलं आणि म्हणाली, "हा तर काळाच आहे. याला कशाला झाकायचं?" चादर घडी करून ठेवून दिली.

दुपारी तीनला लॅपटॉप वाजला. रोज याच वेळी वाजायचा. यानिरिसची तिकडे रात्र झालेली असायची, ती कामावरून घरी यायची. निदियाची बोटं संधिवाताने वाकडी, तिला कळा दाबता येत नसत. म्हणून पोरीने काय जादू करून ठेवली होती कोण जाणे. निदिया नुसती समोर जाऊन बसायची आणि दुसऱ्या घंटेला पोरगी हजर. मी मागे उभा राहून "जेवलीस का" विचारायचो आणि अंगणात जायचो.

आज दोन घंटा झाल्या आणि वाजायचं थांबलं. पडदा काळाच. म्हणजे फोन लागलाच नाही. मी निदियाच्या झुलत्या खुर्चीत बसलो. त्या वेळेला ती खुर्ची रिकामी बघवत नव्हती.

बुधवार, १० ऑगस्ट

भात करपला. तुरीचे दाणे घालून निदिया करायची तसा करायला गेलो. तिच्या भाताला तळाशी खरपूस पापुद्रा धरायचा, माझ्या भाताचा वरपासून खालपर्यंत पापुद्राच झाला.

तीनला परत दोन घंटा, परत काही नाही. आज घरात कुणी नव्हतं. मी खुर्चीत बसलो आणि निदियाशी मोठ्याने बोललो. ती नऊ दिवस घरात आहे ना, मग बोलायला काय हरकत आहे? तिला भाताचं सांगितलं. निळा शर्ट घातलाय, त्याचं पोटावरचं बटण तुटलंय, सुई सापडत नाही, कुठे ठेवतेस, असं विचारलं. आणि खरं तेही सांगितलं. रक्तदाबाच्या गोळ्या सोमवारपासून बंद केल्यात. त्यात फार विचार केलेला नाही. डबी हातात घेतली आणि वाटलं, कशासाठी? "तू फार पुढे जाऊ नकोस, मी मागोमाग येतो," म्हणालो.

लॅपटॉपच्या आत काहीतरी फुसफुसलं. पंखा बिघडतोय वाटतं. वास्करला सांगायला हवं.

गुरुवार, ११ ऑगस्ट

सकाळी यानिरिसचा फोन. मी म्हणालो, वास्कर खटपट करतोय, नवव्याच्या आत दुरुस्त करून घेतो.

"राहू द्या पपा, घाई करू नका."

"अगं, तूच म्हणालीस ना तुला बघायचंय म्हणून?"

"हो, पण... चालेल. आहे तसा चालू राहू द्या म्हणजे झालं." मग म्हणाली, "आणि तो निळा शर्ट घालू नका, बटण नाहीये त्याला. सुया आईच्या बिस्किटांच्या निळ्या डब्यात असतात."

डबा उघडला तर सुया त्यातच. आईने तिला बटणाचंही कधीतरी सांगितलं असणार, त्या दोघी काय काय बोलत बसायच्या. पण "घाई करू नका"? सोमवारी हट्ट धरत होती आणि आज तिला काहीच नाही? आईला निरोप द्यायची ओढ तीन दिवसांत संपली? परदेशात राहून माणसं अशी होत असतील. मला फार वाईट वाटलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ हातात सुई धरून बसलो.

त्यातच कासिल्दा उगवली. एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात माझी गोळ्यांची डबी.

"घे."

"घेतलीये."

"खोटं बोलू नकोस लिओनीदास. माझ्या बहिणीचे नऊ दिवससुद्धा झाले नाहीत, आणि मला या घरात दुसरं सुतक नकोय. घे!"

हिला कसा सुगावा लागला? गोळ्या मोजत फिरते की काय?

शनिवार, १३ ऑगस्ट

कासिल्दा रोज सकाळी येते आणि गोळी गिळेपर्यंत डोक्यावर उभी राहते. पण मीही काही कमी नाही. गोळी जिभेखाली दाबून धरतो, कॉफी वरून जाऊ देतो, आणि बाई आत वळल्या की जिरेनियमच्या कुंडीत थुंकतो. कालपासून कुंडीचा रक्तदाब उत्तम असणार. दुपारी निदियाला हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं, पहिल्यांदाच. ती असती तर तिने मला चपलेने मारलं असतं.

वास्कर आला होता. आतल्या पट्ट्या काढून त्याने शाळेतल्या खोडरबराने घासल्या, फुंकर मारून परत बसवल्या. काही फरक नाही. मग खिडक्या लावायला सांगितल्या आणि टॉर्च पेटवून पडद्याला अगदी तिरका टेकवला.

"काका, इकडून बघा. डोकं खाली करा."

टॉर्चच्या गोलात, पाण्याच्या तळाशी असावं तसं, काहीतरी दिसलं. मी डोळे बारीक केले. विमानतळावरचा फोटो होता. यानिरिस निघाली त्या दिवशीचा. मायलेकी एकमेकींना धरून उभ्या, आणि कडेला अर्धा कापलेला मी, हातात बॅग.

"चित्र आहे," वास्कर म्हणाला. "मागची दिव्याची नळी गेलीये. नवी राजधानीतून मागवावी लागेल, नवव्याच्या आत काही येत नाही. पण एक करता येईल. माझ्याकडे वायर आहे, टीव्हीला जोडू. यानिरिस एवढी मोठी दिसेल."

कासिल्दाने स्वयंपाकघरातून ऐकलं. "टीव्ही? मयताच्या घरात? निदिया निघायच्या वेळी भिंतीवर उजेड नाचवणार तुम्ही? तिला दार सापडायचं नाही!"

वास्करने माझ्याकडे बघितलं. पोरीसाठी टीव्ही फिरवावा असं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर कासिल्दाइतकीच भीती मलाही वाटत होती. निदियाला दिशा कधीच कळायच्या नाहीत. बाजारातून यायची ती दरवेळी वेगळ्या गल्लीने. आणि यानिरिसला तरी आता कुठे एवढी ओढ राहिलीये? नको म्हणालो. वास्करने टॉर्च माझ्याकडेच ठेवला.

रविवार, १४ ऑगस्ट

आज कासिल्दाने मला जीभ वर करायला लावली! शपथेवर सांगतो. गोळी घेतली, कॉफी प्यालो, आणि बाई म्हणतात, "आता जीभ उचल." मी इतका गांगरलो की गोळी गिळूनच टाकली. मग ती अंगणात गेली आणि जिरेनियमची कुंडी उचलून आपल्या घरी घेऊन गेली.

हे मी निदियाशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं. गेलेली बहीण स्वप्नात येऊन सांगते की काय हिला? दिवसभर अंगावर काटा येत होता.

सोमवार, १५ ऑगस्ट

जमेल तसं लिहितो.

उद्या नववा. दुपारी गल्लीतल्या जपमाळवाल्या मिंगाबाई येऊन प्रार्थना कशा म्हणायच्या ते सांगून गेल्या. सगळे गेल्यावर वाटलं, तो विमानतळाचा फोटो अजून एकदा बघावा. खिडक्या लावल्या, टॉर्च घेतला. तेवढ्यात तीन वाजले. दोन घंटा झाल्या आणि थांबल्या. मी टॉर्च पडद्याला टेकवला.

फोटो नव्हता. यानिरिस होती.

तोंडावर हात दाबून बसली होती आणि सरळ माझ्याकडे बघत होती. मी टॉर्च हलवला तशी ती पुसली गेली. परत धरला तर परत आली.

"तू केस कापलेस?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

आतून ते फुसफुसणं आलं. तो पंखा नव्हता.

"हो पपा. मार्चमध्ये. आईला माहीत होतं."

"तू... कधीपासून इथे आहेस?"

"मंगळवारपासून. रोज. तो आपोआप लागतो पपा, आईसाठी तसाच करून ठेवलाय. तुम्हाला मी दिसत नाही. मला तुम्ही दिसता."

मला सगळं आठवलं. भात, शर्ट, कुंडी. मागोमाग येतो म्हणालो ते. प्रचंड संताप आला.

"चोरासारखी ऐकत बसलीस? बापाचं?"

"सांगितलं असतं तर बोलला असतात?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आठ वर्षांत तुम्ही मला विचारलंत, जेवलीस का. या आठवड्यात तुम्ही माझ्यासमोर बसून बोललात. आईशी का होईना. मी आवाज काढला असता तर उठून अंगणात गेला असतात."

गेलो असतो. हे मी तिला म्हणालो नाही, इथे लिहितो.

"मग कासिल्दाला सांगितलंस ते..."

"आणि काय करू? इथून हात पोचतो का माझा?" आता ती रडत होती. "मी इथे रोज दुसऱ्यांच्या वडलांच्या तोंडात गोळ्या घालते पपा. तुम्ही कुंडीत थुंकता आणि ते हसत सांगता. मी बघते."

थोड्या वेळाने मी तिला विचारलं, त्या दिवशी लॅपटॉप कुणी लावला होता. विचारायला नको होतं असं आता वाटतं, आणि नाही, विचारायलाच हवं होतं.

"वास्करने. मी सांगितलं म्हणून. मला आई दिसत होती. तुम्ही लोकांनी तिला हिरवा झगा घातला होता. मग तुम्ही माझ्याकडे यायला लागलात. मला वाटलं, पपा माझ्याशी बोलायला येताहेत. आणि मग सगळं पांढरं झालं."

"चादर," मी म्हणालो.

"हो. पुढे रात्रभर चादरच."

"रात्रभर? अगं, मग बंद का नाही केलंस?"

"आई होती ना पलीकडे."

मी टॉर्च विझवला. खोलीत काळोख झाला. मीच. आईचं तोंड तिला शेवटचं दिसत होतं आणि मी त्यावर चौपदरी चादर टाकली, वर धूळ गेली नाही म्हणून वास्करपुढे मिरवलं. तो गप्प का बसला ते आज कळलं. या घरात मीच सगळ्यांत जास्त रडलो असं मला वाटत होतं.

"पपा, काळोख करू नका," ती म्हणाली. "तुम्ही दिसत नाही."

मी उठून सगळ्या खिडक्या उघडल्या.

मंगळवार, १६ ऑगस्ट

बैठकीत भिंतीला पांढरी चादर, पायऱ्यांचा देव्हारा, मेणबत्त्या, पाण्याचा पेला, मधोमध निदियाचा फोटो. गल्ली लोटली होती. आल्याचा काढा तीनदा करावा लागला. मी पहिल्या ओळीतली एक खुर्ची कुणाला बसू दिली नाही. मिंगाबाईंनी मणी हातात घेतल्यावर तिथे लांब वायर जोडून लॅपटॉप आणून ठेवला.

कासिल्दा उठलीच. "मी टीव्ही नको म्हणाले होते."

"टीव्ही नाहीये. बघ, काळा आहे. तूच म्हणालीस, याला कशाला झाकायचं."

तिने वाकून बघितलं. "ती आहे आत?"

"आहे मावशी," यानिरिस आतून म्हणाली. मागच्या ओळीत कुणीतरी किंचाळलं.

कासिल्दा तशीच वाकून उभी राहिली. मग तिने आपल्या डोक्यावरची काळी जाळीची ओढणी काढली आणि पडद्यावर घातली, वरचा कॅमेऱ्याचा बारीक डोळा तेवढा मोकळा ठेवून. "पोरीने आईच्या नवव्याला उघड्या डोक्याने बसू नये," म्हणाली. आणि वास्करकडे वळून, "यातून वारा जातो ना रे?"

"जातो मावशी."

प्रार्थना सुरू झाली. आम्ही सगळे उत्तर द्यायचो आणि आमचं संपता संपता तिचा आवाज यायचा, दरवेळी जरासा उशिरा. पहिल्यांदा पोरं माना वळवून बघत होती. नंतर कुणी बघितलं नाही. उलट मिंगाबाई तिचं होईपर्यंत थांबायला लागल्या.

शेवटी मेणबत्त्या एकेक करून विझवल्या. चादर उतरवली, फोटो काढला. कासिल्दाने पाण्याचा पेला उचलला, दाराबाहेर ओतायला.

"पपा," यानिरिस म्हणाली, "मला दारापर्यंत नेता?"

मी तिला उचललं. बॅटरी नसल्यामुळे वास्कर मागून वायर सोडत सोडत चालला, मिरवणुकीत चालावा तसा. उंबरठ्याच्या आत वायर संपली. मी तिथेच थांबलो आणि लॅपटॉप छातीशी धरून तोंड रस्त्याकडे केलं. कासिल्दाने पाणी ओतलं. ते उतारावरून फाटकापर्यंत गेलं.

"उजवीकडे जा आई," यानिरिस म्हणाली. "बाजाराकडे नको."

मला उभं राहवेना. पण ती माझ्या हातात होती, म्हणून उभा राहिलो.

बुधवार, १७ ऑगस्ट

आरशांवरच्या चादरी काढल्या. आरशात एक वाळका म्हातारा दिसला, दाढी वाढलेला. दाढी केली. टीव्हीचं तोंड सरळ केलं, लावला नाही.

वास्कर विचारून गेला, नळी मागवू का. मागव म्हणालो, पण सावकाश. एवढ्यात तिने माझं तोंड बघावं, मला तिचं दिसायची घाई नाही. तिचं बघायची तयारी व्हायला मला जरा दिवस लागतील.

आज कासिल्दा आली नाही. डबी टेबलावर होती तशीच होती. सकाळ गेली. मी हात लावला नाही.

तीनला घंटा वाजली. मी खुर्ची पुढे ओढली, खिडकी उघडीच ठेवली. दुसरी घंटा झाली आणि पुढे काहीच नाही, नुसता काळा पडदा.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"हो. तुम्ही?"

"भात केला होता. कालच्यापेक्षा बरा झाला." मग डबी उघडली. गोळी चिमटीत धरून त्या वरच्या बारीक डोळ्यासमोर नेली, नीट दिसेल अशी. जिभेवर ठेवली. पाणी प्यालो.

मी वाट बघत बसलो.

"जीभ वर करा, पपा," ती म्हणाली.

मी केली.